आधी पडायला शिका

स्मरणिकेसाठी लेख मागायला फोन आला तेव्हा मी विचारलं, "कशावर लिहू? सर्व्हर बंद पडल्यावर रात्री तीन वाजता काय करतात त्यावर?" पलीकडून उत्तर आलं, "नको गं बाई. ते तुझं जुडो-कराटे चालतं ना, त्यावर लिही. थोडा इतिहासही घाल. आपल्या इतिहासाच्या बाई वाचणार आहेत."

तर बाई, हा इतिहास आहे. सनावळ्या तपासून घेतल्या आहेत. शुद्धलेखनाचे गुण मात्र कापू नका.

आधी ते 'जुडो-कराटे' सोडवते. आपल्याकडे हा एकच शब्द आहे, जसा 'चहापाणी'. १९९४ च्या मे महिन्यात शाळेच्या मैदानावर शिबिर झालं, त्याच्या फलकावरही असंच लिहिलं होतं. आपल्या वर्गातल्या अकरा मुली त्यात होत्या. आठ दिवस रांगेत उभं राहून आम्ही हवेत ठोसे मारले, 'हा' म्हणून ओरडलो, आणि शेवटच्या दिवशी दोघींनी मंगलोरी कौलं फोडून दाखवली. मुलं कुंपणावर बसून शिट्ट्या मारत होती. पी.टी.च्या सरांनी त्यांना हाकललं, ती पुन्हा येऊन बसली. ते होतं कराटे, तेही चवीपुरतं. कराटे ओकिनावा बेटांवरचं, ठोसे आणि लाथांचं. ज्युदो जपानच्या मुख्य भूमीवरचा, धरण्याचा आणि पाडण्याचा. दोघांचा उगम वेगळा, वंश वेगळा. मी आज लिहिते आहे ते ज्युदोविषयी आणि त्याच्या आईविषयी, म्हणजे जुजुत्सूविषयी.

पण त्याआधी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती नसती तर मी या वाटेला गेले नसते. त्याच वर्षीच्या थंडीत, आपण नववीत असताना, मी आणि माझी एक मैत्रीण संध्याकाळच्या शिकवणीला चाललो होतो. वाटेत एक बोळ लागायचा. समोरून सायकलवरून आलेल्या एका माणसाने सायकल आडवी घातली आणि तिचं मनगट धरलं. त्याने किती वेळ धरलं, काय केलं, हे मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. मी दोन हातांवर उभी होते. आठ दिवस हवेत ठोसे मारलेले माझे हात होते तिथेच राहिले. 'हा' सुद्धा निघाला नाही. तिने स्वतःच कसाबसा हात सोडवला. दोन दिवसांनी तिचे वडील आमच्या घरी आले आणि त्यांनी मला विचारलं, "बाळ, तू होतीस ना बरोबर?" माझे आई-बाबा समोर बसले होते. मी म्हणाले, "मी पुढे चालत होते काका, मला काही दिसलं नाही." तिची शिकवणी बंद झाली. बोळ चालू राहिला. मीही शिकवणीला जात राहिले, लांबच्या रस्त्याने.

आता इतिहास.

जुजुत्सु या शब्दातल्या 'जू'चा अर्थ मऊ, लवणारा. 'जुत्सु' म्हणजे विद्या, कसब. मऊपणाची विद्या. या नावामागे एक दंतकथा सांगतात. एका माणसाने हिवाळ्यात पाहिलं की ताठ झाडांच्या फांद्या बर्फाच्या ओझ्याने मोडताहेत, आणि विलोची फांदी मात्र वाकते, बर्फ घसरून खाली पडतो आणि ती पुन्हा वर येते. तुकोबांची लव्हाळी पाठ केलेल्या आणि कृष्णेचा पूर पाहिलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. कथा गोड आहे, पण उगम इतका गोड नाही. उगम रणांगणावरचा आहे. तलवार मोडली, भाला हातातून गेला, समोरचा डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात, आता काय? चिलखतावर ठोसा मारून आपलाच हात मोडणार. मग त्याला धरायचं, पाडायचं, आणि सांध्यांपाशी जिथे चिलखताला फट असते तिथे कट्यार घालायची. या विद्येच्या जुन्यात जुन्या घराण्यांत ताकेनोउची घराण्याचं नाव घेतात. त्याची स्थापना १५३२ सालची मानतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी जवळपास शंभर वर्षं.

१६०३ पासून तोकुगावांची राजवट आली आणि सुरुवातीचे काही संघर्ष सोडले तर अडीचशे वर्षं मोठी लढाईच झाली नाही. चिलखतं उतरली. लढाई बंद पडली की लढाईच्या विद्येचं काय होतं? तिची घराणी होतात, आपल्या गाण्यासारखीच. प्रत्येक घराण्याची गुपितं, प्रत्येकाच्या गुंडाळ्या, प्रत्येकाचा 'आमच्याकडे हे असं नसतं'. साध्या कपड्यातल्या माणसाला कसं आवरायचं, गळा कसा धरायचा, सांधा कसा पिरगाळायचा, याचे शेकडो डाव तयार झाले. मग १८६८ ची मेइजी क्रांती आली, १८७६ मध्ये सामुराईंना कमरेला तलवार लावायलाच बंदी झाली, आणि एका पिढीत हे सगळं कालबाह्य ठरलं. तरुणांना रेल्वे, इंग्रजी आणि बेसबॉल हवं होतं. जुजुत्सूचे गुरू उपाशी मरू लागले.

इथे कानो जिगोरो येतात. माझं मन त्यांच्यापाशी जास्त रमतं, कारण ते हाडाचे शाळामास्तर होते.

जन्म १८६०, कोबेजवळच्या मिकागे गावात, साके गाळणाऱ्या सधन घरात. आई लहानपणीच गेली आणि वडील त्यांना तोक्योला घेऊन आले. अभ्यासात हुशार, इंग्रजी उत्तम, अंगाने मात्र किरकोळ. मोठेपणीही उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपासच. वसतिगृहातली दांडगी मुलं त्यांना मनसोक्त बडवायची. कुणाकडून तरी त्यांनी ऐकलं की जुजुत्सु नावाची एक विद्या आहे, तिच्यात लहान माणूस मोठ्याला पाडतो. मग गुरूचा शोध सुरू झाला, आणि तो कसा केला हे मला फार आवडतं. ते हाडं बसवणाऱ्यांच्या पाट्या शोधत हिंडले. कारण पोटासाठी बरेचसे जुजुत्सु गुरू हाडवैद्य झाले होते. आपल्या गावात खांदा निखळला की दवाखान्याआधी तालमीतल्या वस्तादांकडे नेत, ते आठवा. जो सांधा काढू शकतो तोच तो बसवू शकतो. हा शोध दोन्हीकडे लागला होता.

असे १८७७ मध्ये त्यांना फुकुदा हाचिनोसुके भेटले. शिकवण्याची पद्धत सोपी होती. कानोंनी विचारलं की हा डाव नेमका कसा होतो, हात कुठे, पाय कुठे? गुरुजींनी त्यांना आपटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा आपटलं. आपटून घेतलंस की कळेल, इतकंच स्पष्टीकरण. कानोंना कळलंही, पण त्यांच्यातल्या विद्यार्थ्याला ते पुरलं नाही. तालमीत फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड गडी होता, तो काही केल्या पडेना. तेव्हा हा मुलगा ग्रंथालयात गेला आणि पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळून त्यातून त्याने एक डाव काढला. समोरच्याच्या खाली शिरायचं, त्याला खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि पलीकडे टाकायचा. नाव काता-गुरुमा. आपल्या कलाजंगाच्या अगदी जवळचा. फुकुशिमा पडला. पुस्तक वाचून पैलवान पाडता येतो हे ऐकून मला अभियांत्रिकीची चारही वर्षं वाया गेली नाहीत असं वाटलं.

१८७९ मध्ये फुकुदा वारले. त्यानंतर कानो दुसऱ्या गुरूंकडे आणि मग कितो घराण्याच्या ईकुबो त्सुनेतोशींकडे शिकले. १८८१ मध्ये तोक्यो विद्यापीठातून पदवी घेतली आणि १८८२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेवर स्वतःची शाळा काढली. बारा तातामी म्हणजे साधारण बारा फूट बाय अठरा फूट. आपल्या दहावी 'ब'च्या वर्गाहून लहान. पहिल्या वर्षी विद्यार्थी नऊ. आपटाआपटीने मंदिराची जमीन खचायची, आणि सराव संपल्यावर कानो स्वतः खाली शिरून मोडलेल्या लाकडांना टेकू द्यायचे. शाळेचं नाव कोदोकान आणि विद्येचं नवं नाव ज्युदो. 'जुत्सु' गेलं, 'दो' आलं. दो म्हणजे मार्ग.

नावापलीकडे त्यांनी काय बदललं, हे महत्त्वाचं. जुन्या घराण्यांतले डोळे फोडायचे, बोटं मोडायचे, नाजूक जागी मारायचे डाव त्यांनी सरावातून काढले आणि ठरावीक चालींच्या जोडीसरावात, म्हणजे 'काता'त, जपून ठेवले. बाकीचे डाव मुक्त सरावात, 'रांदोरी'त, पूर्ण ताकदीने, न ठरवता करायचे. वरवर पाहता यामुळे विद्या बोथट व्हायला हवी होती. झालं उलटं. जो डाव तुम्ही जोडीदारावर खरोखर कधीच वापरू शकत नाही, तो चालतो की नाही हे तुम्हाला कळतच नाही. आणि जो रोज विरोध करणाऱ्या माणसावर शंभरदा फसतो आणि पाचदा जमतो, तो हळूहळू अंगात मुरतो. आमच्या धंद्यात याला टेस्टिंग म्हणतात. कागदावर निर्दोष असलेली प्रणाली पहिल्या सोमवारी सकाळी कशी कोसळते हे मी पुष्कळदा पाहिलं आहे, त्यामुळे हे मला लगेच पटलं. आपल्या शिबिरातल्या ठोशांना कधी कुणी विरोधच केला नव्हता.

'मऊपणा' म्हणजे काय, हेही कानोंनी हिशेब मांडून सांगितलं. समजा समोरच्याची ताकद दहा आणि माझी सात. त्याने ढकललं आणि मी अडवलं, तर मी हरणार. पण त्याने ढकलताच मी तितकीच मागे सरकले, तर त्याचा तोल पुढे जातो. तोल गेलेल्या माणसाची ताकद दहा राहत नाही, तीन होते, आणि माझी सात शाबूत असते. त्या क्षणी अर्धी वापरली तरी पुरते. तोल घालवण्याच्या या क्रियेला 'कुझुशी' म्हणतात, आणि ती डावाच्या आधी येते. मी पहिल्यांदा 'सेओई-नागे' पाहिला, म्हणजे समोरच्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून पुढे आपटणं, तेव्हा मोठ्याने ओरडले, "अहो, हा तर धोबीपछाड!" जपानी शिक्षिकेला धोबीही कळला नाही आणि पछाडही.

ही शिक्षिका कोण, ते सांगते. २०१३ ते २०१५ मी कंपनीच्या कामासाठी योकोहामाला होते. मुलगी तेव्हा तीन वर्षांची, नवरा पुण्यात, सासूबाई सहा-सहा महिने माझ्याजवळ. घराजवळच्या नगरपालिकेच्या व्यायामशाळेत दर शनिवारी स्त्रियांसाठी ज्युदोचा वर्ग होता. वय वर्षं तेहतीस, जाडी लिहीत नाही. मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी कुणाला तरी पाडायला शिकवतील. पहिले दीड महिने आम्ही फक्त पडलो. याला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल. जमिनीला टेकण्याच्या क्षणी पसरलेल्या हाताने चटईवर जोरात थापटायचं, श्वास सोडायचा. मागे पडा, बाजूला पडा, पुढे गडगडा. आपण कुणीच हे शिकलेलो नसतो. मुलींना तर पडायचंच नाही, लागेल, मार्क राहील, असं शिकवलेलं असतं. साठीच्या शिक्षिका दर वेळी हसून पडायच्या आणि हसून उठायच्या. त्यांची उंची माझ्या खांद्याला.

कोदोकानची आताची इमारत तोक्योत आहे. सातव्या मजल्यावर ४२० चटयांचं मोठं दालन, आठव्या मजल्यावरून पाहुण्यांना बघता येतं. मी तिथे एक पूर्ण संध्याकाळ बसले होते. आणि योकोहामाच्या यामाशिता बागेशी हिकावा-मारू नावाचं जुनं जहाज नांगरलेलं आहे, आता संग्रहालय म्हणून. १९०९ मध्ये कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले होते. १९३८ मध्ये ते समितीच्या कैरोच्या बैठकीहून परतत होते, १९४० चं ऑलिंपिक तोक्योकडेच पक्कं करून. योकोहामा दोन दिवसांवर असताना ४ मे रोजी याच जहाजावर त्यांचा मृत्यू झाला. दोनच महिन्यांत जपानने युद्धापायी ते ऑलिंपिक परत केलं. मुलीला जहाजाचं चाक फिरवायचं होतं, मला त्या खोल्यांकडे बघत उभं राहायचं होतं. भांडण झालं, चाक जिंकलं.

आता बायकांकडे येते. आपल्या गावातली तांबडी माती, तिच्यात घातलेलं ताक, हळद, तेल, सगळं मला ऐकून माहीत आहे. तालमीचा उंबरा मुलींना बंद होता. कानो त्या मानाने पुढचे. १८९३ पासून ते घरातल्या आणि ओळखीच्या स्त्रियांना शिकवत होते, आणि १९२६ मध्ये कोदोकानात स्त्रियांचा विभाग रीतसर सुरू झाला. पण त्यातही गोम होती. स्त्रियांनी काता करायचे, स्पर्धा नाही. त्यांच्या काळ्या पट्ट्याच्या मधोमध एक पांढरी रेघ असायची, म्हणजे हा बायकांचा काळा पट्टा हे लांबूनच कळावं.

कानोंच्या त्या पहिल्या गुरूंची, फुकुदांची, एक नात होती, केइको. १९१३ चा जन्म, उंची पाच फुटांहून कमी. म्हातारपणी कानोंनी गुरुऋण म्हणून तिला बोलावलं आणि १९३५ मध्ये ती कोदोकानात आली. लग्न ठरलं तर ज्युदो सोडावा लागणार होता, तिने लग्न सोडलं. १९५३ मध्ये ती पाचव्या दानची होती आणि स्त्रियांना पाचव्याच्या पुढे जायची वाटच नव्हती. पुरुष शिष्य येत, शिकत आणि तिच्या वर चढत. सहावी दान मिळायला १९७२ साल उजाडलं. पुढे ती सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झाली, नव्वदी ओलांडल्यावर २००६ मध्ये कोदोकानने तिला नववी दान दिली, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने दहावी. २०१३ च्या फेब्रुवारीत ती गेली, नव्याण्णव वर्षांची. शेवटपर्यंत ती शिकवायला जात होती. त्याच वर्षी मी योकोहामाला पोचले. आमच्या शिक्षिकेने पहिल्या दिवशी भिंतीवरचा फोटो दाखवला तो कानोंचा होता, दुसऱ्या दिवशी दाखवला तो तिचा.

न्यूयॉर्कच्या रेना कानोकोगीची गोष्ट थोडक्यात. १९५९ मध्ये पुरुषांच्या स्पर्धेत ती पुरुषासारखी राहून उतरली, जिंकली, आणि तू बाई आहेस का विचारल्यावर हो म्हणाली. पदक काढून घेतलं. तिने १९८० मध्ये स्वतःचं घर गहाण टाकून स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. १९९२ मध्ये बार्सिलोनाला स्त्रियांचा ज्युदो ऑलिंपिकच्या पदकांत आला. २००९ मध्ये तिचं पदक परत मिळालं, त्याच वर्षी ती वारली.

आणि लंडनची ईडिथ गॅरुड. हिचं नाव आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हवं होतं. मताचा हक्क मागणाऱ्या बायकांच्या सभा पोलीस आणि टवाळ पुरुष उधळून लावत. गॅरुडची उंची चार फूट अकरा इंच, आणि ती लंडनमध्ये उएनिशी सादाकाझू या जपानी शिक्षकाकडे जुजुत्सु शिकलेली. तिने या बायकांना शिकवायला सुरुवात केली. १९१० मध्ये 'पंच'ने तिच्यावर व्यंगचित्र काढलं. १९१३ मध्ये सरकारने नवा कायदा केला, उपोषण करणाऱ्या बायकांना अशक्त झाल्या की सोडायचं आणि सावरल्या की पुन्हा पकडायचं. तेव्हा नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांच्या रक्षणासाठी पंचवीस-तीस बायकांचं पथक उभं राहिलं. कपड्यांत मुद्गल लपवलेले, जुजुत्सूचे वर्ग गुपचूप भरणारे. १९१४ च्या मार्चमध्ये ग्लासगोच्या सभेत पोलीस व्यासपीठावर चढू लागले, तेव्हा सजावटीच्या फुलांमध्ये काटेरी तार निघाली. पँकहर्स्टना अटक झालीच. पण ती सोपी झाली नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर शांतिनिकेतनला चला. रवींद्रनाथांनी १९०५ मध्येच सानो जिन्नोसुके नावाचे ज्युदो शिक्षक तिथे आणले होते, आणि १९२९ मध्ये कोदोकानचे ताकागाकी शिन्झो आले. त्यांच्या वर्गात मुलीही होत्या. अमर्त्य सेन यांच्या आई, अमिता सेन, त्यांतल्याच एक. साडीच्या काळात बंगालच्या मुली ज्युदो खेळत होत्या, आणि आपण १९९४ मध्ये पंजाबी ड्रेसची ओढणी कुठे ठेवायची यावर दहा मिनिटं चर्चा केली होती.

आता आजचं. हे स्वसंरक्षण म्हणून चालतं का? स्मरणिकेत खोटं कशाला लिहा. कोदोकानने १९५६ मध्ये स्वसंरक्षणाचा स्वतंत्र काता केला, २१ डावांचा. त्यातले १२ निःशस्त्र हल्ल्यावर आणि बाकीचे कट्यार, काठी आणि पिस्तुलावर. पिस्तुलाचे तीन डाव मी पाहिले आहेत. सुंदर आहेत. माझ्यासमोर पिस्तूल आलं तर मी पर्स देईन.

आणि ज्या देशात ही विद्या जन्मली तिथेच गर्दीच्या लोकलमध्ये बायकांच्या अंगाला हात लागतात. त्याला तिथे वेगळा शब्दच आहे, 'चिकान'. २००० नंतर तोक्योच्या मार्गांवर बायकांचे डबे सुरू झाले. (पश्चिम रेल्वेची लेडीज स्पेशल १९९२ ची. इथे आपण पुढे.) जपानी मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही, चोरून फोटो काढता येऊ नयेत म्हणून. तोक्यो पोलिसांनी २०१६ मध्ये एक ॲप काढलं. त्यात एक कळ दाबली की फोन मोठ्याने ओरडतो, थांबवा! किंवा पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं की इथे एक माणूस त्रास देतोय, मदत करा. लाखो लोकांनी ते घेतलं. मी पहिल्यांदा त्याच्याकडे धंद्याच्या नजरेने पाहिलं, किती सोपं ॲप, दोन दिवसांचं काम. मग लक्षात आलं की त्याने काय सोडवलं आहे. घशातून न निघणारा आवाज.

कारण खरी अडचण तिथे आहे. शरीर गोठतं. हा भित्रेपणा नाही, शरीराची रीत आहे, आणि ती सरावानेच थोडीफार बदलते. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ मुलींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. निम्म्यांना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना माहितीपत्रकं. वर्षभरात माहितीपत्रकवाल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२. जवळपास निम्मं. आणि त्या बारा तासांत हाणामारी फक्त थोडी होती. उरलेला वेळ होता धोका ओळखणं, ओळखीच्या माणसालाही नाही म्हणणं, आणि 'उगाच तमाशा नको' हा मनातला आवाज बंद करणं. परका माणूस बोळात येतो त्यापेक्षा ओळखीचा माणूस घरात येतो, हे त्या अभ्यासाने गृहीत धरलं होतं. आपल्या शिबिराने नाही.

म्हणून एका दिवसाच्या स्वसंरक्षण शिबिरांवर, त्यांच्या बॅनरवर आणि सत्कारांवर माझा राग आहे. आता पुण्यात मी रविवारी ज्या वर्गात जाते तिथे आम्ही वर्षभर जेमतेम पाच-सहा गोष्टी करतो. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूने सोडवायचं, कारण पकडीची फट तिथे असते. अंतर राखायचं. पोटातून ओरडायचं. पाडलं तर खालून पाय मध्ये घालून उठायचं. आणि सुटताच पळायचं, डाव पूर्ण करायला थांबायचं नाही. स्वतःच्या बचावाचा हक्क कायद्यातही आहे, आताच्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं. ती मी मुलीला वाचून दाखवली. ती आता पंधरा वर्षांची आहे आणि तिला रांदोरीत मला पाडायला फार आवडतं.

आजवर मी ज्युदो रस्त्यावर एकदाच वापरला. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये ऑफिसहून येताना ओल्या झाकणावर स्कूटर घसरली. हनुवटी छातीला लागली, पाठ गोल झाली, हाताने रस्त्यावर थापटलं. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. चहावाल्याने उठवलं आणि म्हणाला, "मॅडम, फोम असल्यासारख्या पडलात."

हा लेख लिहायच्या आधी मी त्या मैत्रिणीला फोन केला. ती आपल्या ग्रुपवर आहे, कोण ते विचारू नका. तीस वर्षांनी मी तिला सांगितलं की मी पुढे चालत नव्हते, तुझ्या शेजारीच होते, आणि तुझ्या बाबांना खोटं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला माहीत होतं गं. राग त्याचा नव्हता. शिकवणी बंद झाली आणि माझं बीजगणित कच्चं राहिलं. तू निदान वही तरी द्यायचीस." पुढची दहा मिनिटं आम्ही शिकवणीच्या सरांवर बोललो. लेख तिला वाचून दाखवला आहे. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सात वाजता, शाळेच्या हॉलमध्ये मी गाद्या घालणार आहे. समितीने परवानगी दिली आहे, गाद्या पी.टी.च्या सरांच्या ओळखीने मिळाल्या आहेत. बायका, पुरुष, बाई, सर, कुणीही या. सैल कपडे घाला, बांगड्या आणि घड्याळं घरी ठेवा. गुडघेदुखी असेल तर आधी सांगा. कौलं फोडायची नाहीत. ती येणार आहे. म्हणाली, पाडायचं वगैरे मला जमणार नाही, पडायचं तेवढं शिकव.